सकाळचं नको-नको

आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात माणसं मोडतात ती यंत्रांमुळे नाही, भिडेमुळे. हे मी विमावाल्यांना फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. त्यावर त्यांनी जड वस्तू गुडघे वाकवून कशी उचलावी याचं एक रंगीत चित्र पाठवलं. चित्रातला माणूस एकटाच होता आणि हसत होता. आमच्याकडे एकट्याने जड उचलणारा प्रत्येक माणूस असाच हसतो, आणि हसता हसताच त्याच्या पाठीत उसण भरते.

मी आर्डिस टोलेफसन. मिनेसोटात, या अल्डरसन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत, तळमजल्यावर नंबर प्लेट आणि मासेमारीच्या परवान्यांची खिडकी आहे, तिथे मी बसते. वादळ असलं की वायरलेसवरही मीच, कारण माझा आवाज खणखणीत आहे असं सगळे म्हणतात, आणि ते कौतुक नाही हे मला कळतं. मग एकदा वरून हुकूम आला की प्रत्येक काउंटीत सुरक्षा अधिकारी असलाच पाहिजे. ऑरिन लिंडाल, म्हणजे रस्ते खात्याचा इंजिनीअर, आमचा साहेब, बैठकीत म्हणाला, "कुणाला आवडेल का?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. माझे बूट टेबलाखाली होते, त्यामुळे मी वर बघत राहिले. झालं, पडलं ते माझ्या गळ्यात.

आणि नशीब बघा, खात्यातला सगळ्यात धोकादायक माणूस माझ्याच घरात. व्हर्लिन, माझा नवरा. तो बर्फगाडी चालवतो. अख्खी काउंटी पांढरीफटक झालेली असते, रस्ता कुठला नि शेत कुठलं कळत नाही, आणि हा बाबा पुढचा पोलादी फाळ खाली टेकवून असा निवांत निघतो की जणू दूध आणायला चाललाय. घरी दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस त्या गाडीशी गप्पा मारतो. मी स्वतः ऐकल्यात. मला कधी "शाब्बास पोरी" म्हणाला नाही, गाडीला म्हणतो.

त्याची पाठ दोनदा गेली होती. दुसऱ्या वेळी तो गॅरेजमध्ये फाळाच्या खालच्या कडेची पट्टी बदलत होता. ती पट्टी पोलादाची, माणसाहून लांब, दोघांनी उचलायची. गेलेन शेजारीच उभा होता. गेलेन म्हणजे व्हर्लिनचा लहानपणापासूनचा मित्र, शेजारची बर्फगाडी त्याची.

"हात देऊ का?" गेलेनने विचारलं.

"नको नको, झालंच."

"खरंच नको?"

"अरे नको रे."

आणि व्हर्लिनने पट्टी उचलली, मणका सरकला, माणूस आडवा. गेलेन अजून सांगतो, अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगतो, "आर्डिस, मी तिसऱ्यांदा विचारणारच होतो गं. तोंड उघडलंच होतं मी."

यात गेलेनची चूक नाही. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे शुद्ध हावरटपणा. दुसऱ्यांदा म्हणणारा उतावळा. तिसऱ्यांदा विचारलं की समोरचा मनापासून विचारतोय हे ठरतं, आणि मग "बरं, एवढं म्हणतोस तर" असं म्हणून आपण त्याच्यावर उपकार करायचे. कॉफीला हीच रीत, जेवणाला हीच, लग्नालासुद्धा हीच. व्हर्लिनने मला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मासे साफ करत होते, म्हटलं, बरं, एवढं म्हणतोस तर. यात फार तर कॉफी थंड होते. पण पोलादी पट्टीला आमच्या चालीरीती कुणी शिकवलेल्या नाहीत.

त्या दुखण्यात कित्येक आठवडे व्हर्लिनच्या बुटाच्या नाड्या मी बांधल्या. नाड्या बांधायचा मला कंटाळा नव्हता. त्या वेळी तो छताकडे बघत बसायचा, ते बघवत नव्हतं. मग तो बरा झाल्यावर ऑरिनने त्याला खोलीत बोलावलं आणि टोपी हातात फिरवत, शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं की पाठ तिसऱ्यांदा गेली तर बर्फगाडी कायमची बंद. मग कचेरीत बसून काम. जागा एकच रिकामी होती, माझ्या शेजारची खिडकी.

त्या संध्याकाळी व्हर्लिन काहीच बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, पण न बोलण्यातही फरक असतो आणि तो बायकोला कळतो. त्या खिडकीत बसवला तर हा माणूस वर्षभरात सुकून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि दिवसभर माझ्या शेजारी बसून, घरी येऊन पुन्हा माझ्याच समोर बसला तर आमच्या संसाराचं काय होईल, हेही दिसत होतं. मी ठरवलं, काय वाटेल ते झालं तरी याची गाडी सुटू द्यायची नाही.

विमावाल्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांनी एक प्रशिक्षिका पाठवली. रोझान कॅपुटो. मूळची न्यू जर्सीची. ती दारातून आत आली तीच बोलत, आणि बोलत बोलतच कोट काढला. आमची माणसं हातात कॉफी घेऊन भिंतीला टेकली.

"हे बघा, गणित सोपं आहे," बाई म्हणाली. "जड असेल तर मदत मागा. कुणी विचारलं तर हवी असल्यास हवी म्हणा, नको असल्यास नको म्हणा. बस्स! माझ्या घरी आम्ही सात भावंडं, नको म्हटलं तर जेवण मिळायचं नाही. तुम्ही, काय नाव तुमचं? गेलेन? हा खोका उचला बरं."

खोका नटबोल्टांचा होता. गेलेनने उचलला.

"मदत हवी का?"

"नको नको," गेलेन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"छान!" असं म्हणून बाई वळली आणि पुढचा धडा सुरू केला.

आता गेलेन अडकला. बाईने एकदाच विचारलं होतं. अजून दोनदा विचारायचं बाकी होतं, आणि विचारणारी ती, त्यामुळे आम्हाला मध्ये पडता येईना. पाहुणीचा अपमान झाला असता. खोका आपणहून खाली ठेवला तर आपल्याला मदत हवी होती असा अर्थ निघाला असता. गेलेन खोका धरून उभा राहिला. बाईने घसरून पडू नये म्हणून काय करावं ते सांगितलं, शिडी कशी टेकवावी ते सांगितलं, डोळ्यांना चष्मा का लावावा ते सांगितलं. गेलेनचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग बीटासारखा, पण हसणं ढळलं नाही. शेवटी बाई म्हणाली, "काही शंका?" कुणालाच नव्हती.

"कसं वाटलं प्रशिक्षण?" तिने गेलेनलाच विचारलं.

"वेगळंच होतं," गेलेन म्हणाला.

बाई खूश झाली. 'वेगळंच' ही आमच्याकडची सगळ्यात जहरी शिवी आहे, हे तिला कोण सांगणार? टेबलावर मी केलेल्या चॉकलेटच्या वड्या होत्या. एकच उरली होती, तिचा अर्धा भाग कुणीतरी घेतला होता, मग अर्ध्याचा अर्धा, आता ताटात नखाएवढा तुकडा होता आणि त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. बाईने तो सहज उचलून तोंडात टाकला. गॅरेजमधल्या सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. बाई गेली, आणि गेलेनचा खांदा त्यानंतर आठवडाभर वर जात नव्हता. सुरक्षा प्रशिक्षणात झालेली दुखापत म्हणून ती वर कळवताना मला जी लाज वाटली, ती मलाच ठाऊक.

पण त्या फजितीतून मला एक गोष्ट उमगली. ही माणसं बदलायची नाहीत. यांना 'हो म्हणा' म्हणून शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. दोनदा नको म्हणायचं आहे ना? म्हणा बापडे! पण ते पट्टी हातात असताना कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या वेळी मी गॅरेजमध्ये गेले आणि म्हटलं, "आजपासून नवीन पद्धत. कामाला लागायच्या आधी, इथे, कॉफी पिताना, प्रत्येकाने प्रत्येकाला दोनदा विचारून घ्यायचं. मदत हवी का, मदत हवी का. आणि सगळ्यांनी दोनदा नको म्हणून टाकायचं. दिवसभराचं नको-नको एकदम उरकून घ्यायचं. मग नंतर कुणी विचारलं तर ते थेट तिसरं. समजलं?"

मग व्हर्लिन, माझा नवरा, कपात बघत म्हणाला, "म्हणजे तिसऱ्याला हो म्हटलं तर चालेल?"

"चालेल."

"आदल्या दिवशीचं दोनदा धरायचं का?" गेलेनने विचारलं. "शनिवार-रविवारचं काय?"

"शिळं चालणार नाही. रोज ताजं."

हे त्यांना एकदम पटलं. का पटलं, देव जाणे. पण रोज सकाळी आमच्या गॅरेजमध्ये तो सोहळा सुरू झाला. मोठी मोठी दाढीवाली माणसं कॉफीचे कप घेऊन एकमेकांसमोर उभी राहायची. "मदत हवी का?" "नको नको." "खरंच नको?" "अरे नको." मग पुढच्यासमोर. ऑरिनसुद्धा येऊन दोनदा नको म्हणून जायचा, आणि त्याला दिवसभरात पेन्सिलीपेक्षा जड काही उचलायचं नसतं. एकदा पाद्रीबाबा चर्चच्या रस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार घेऊन आले, त्यांनाही रांगेत उभं केलं.

हसू नका, कारण उपाय लागू पडला. त्या हिवाळ्यात कुणाची पाठ गेली नाही, कुणाचं बोट चेंगरलं नाही. जड काही दिसलं की शेजारचा पुढे व्हायचा, "तिसऱ्यांदा विचारतोय हं," आणि पहिला लगेच म्हणायचा, "बरं, एवढं म्हणतोस तर." मी एकदा दाराआडून बघितलं, व्हर्लिन आणि गेलेन पट्टीची दोन टोकं धरून, गुडघे वाकवून, त्या चित्रातल्यासारखी ती उचलत होते. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी तीन माणसांना मासेमारीचे परवाने हसून दिले.

मग जानेवारीतलं ते वादळ आलं. शाळा बंद, दुकानं बंद, आणि उजाडायच्या आत सगळ्या बर्फगाड्या रस्त्यावर. कॉफीला कुणी थांबलंच नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मी वायरलेससमोर बसले होते, आणि कोण कुठे अडकलंय ते बघण्यात नाकी नऊ आले होते.

दुपारी व्हर्लिनचा आवाज आला. पुलाच्या सांध्यावर फाळ आपटून खालची पट्टी तुटली होती. मी गेलेनला दुसरी पट्टी घेऊन पाठवलं. तो पोचला, आणि पोचल्या पोचल्या त्याच्या छातीवरच्या वायरलेसचं बटण बर्फ साचून दाबलेलंच राहिलं. म्हणजे ते दोघं बोलतील ते सगळ्या काउंटीला ऐकू येणार, आणि दुसऱ्या कुणालाही त्यावर बोलता येणार नाही. मलाही नाही.

"हात देऊ का?" गेलेनचा आवाज, मागे वाऱ्याचा घोंगाट.

"नको नको. तू गाडीत बस, गारठशील."



"आज आपली कॉफी झाली नाही, नाही का?" गेलेनने विचारलं.

"नाही झाली."

"म्हणजे सकाळचं ते..."

"नाही झालं."

"मग आत्ता विचारलं ते पहिलंच धरायचं?"

"धर की."

मी वायरलेसच्या खोक्यावर ओरडले, "अरे मूर्खांनो, मेलं ते पहिलं-दुसरं, उचला दोघं मिळून!" ऑरिन धावत बाहेर आला. पण खोका काय ऐकतो? गाडी, खिडकी, शेजारची ती रिकामी खुर्ची, सगळं डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

"दुसऱ्यांदा विचारतो मग," गेलेन म्हणाला. "हात देऊ?"

साखळी खणखणली. मग एक हुंकार आला, आणि तो हुंकार मी ओळखते, जड काही जागचं हलवून बघताना व्हर्लिन काढतो. मी डोळे मिटून घेतले.

"गेलेन," व्हर्लिन म्हणाला.

"काय?"

"इकडे ये. मला हात दे. मला एकट्याला नाही जमायचं."

असं वाक्य या काउंटीत कुणी ऐकलं नव्हतं. तिसरं विचारलेलं नसताना, कुणी आग्रह केलेला नसताना, धडधाकट माणसाने तोंडाने मदत मागितली होती. आणि मग गेलेनचा आवाज आला, थरथरता.

"व्हर्लिन? अरे, खाली बस तू. बस आधी. छातीत दुखतंय का?"

"नाही रे! पट्टी धर."

"हात हलतोय का डावा?"

"हलतोय. ते टोक धर ना गड्या!"

"बोलू नकोस. देवाशपथ, एक अक्षर बोलू नकोस." आणि मग दाबलेलंच बटण आणखी जोराने दाबून तो किंचाळला, "आर्डिस! अ‍ॅम्ब्युलन्स पाठव! व्हर्लिनने मदत मागितली!"

खोटं कशाला बोलू? मीही घाबरले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला बरणीचं झाकण उघडून मागितलं नाही. मला वाटलं, गेला माझा व्हर्लिन. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला आणि कोटसुद्धा न घालता ऑरिनच्या गाडीत बसले.

पोचलो तर पुलाजवळ जत्रा भरलेली. काउंटीतल्या सगळ्या बर्फगाड्या कामं सोडून तिथे आलेल्या, म्हणजे अर्धे रस्ते तसेच पडलेले. आगीच्या बंबाची माणसं, शेरीफची गाडी. पाद्रीबाबांची बायको टॉवेलात गुंडाळलेली गरम हॉटडिश घेऊन उभी. माणूस मरायला टेकला की आमच्याकडे आधी नूडल्स आणि मश्रूमच्या सूपची हॉटडिश येते, डॉक्टर मागून. आणि मधोमध स्ट्रेचरवर व्हर्लिन, पट्ट्यांनी बांधलेला, हनुवटीपर्यंत पांघरूण, आणि संतापाने लाल.

"आर्डिस, सांग यांना. मी बरा आहे."

"बरा आहे म्हणतोय," गेलेन हुंदका देऊन म्हणाला. "ऐकलंत ना? बरा आहे म्हणतोय!"

सगळ्यांनी टोप्या काढल्या. ऑरिन पुढे झाला, घसा खाकरून म्हणाला, "व्हर्लिन, तू काम चांगलं केलंस. वाईट नव्हतं तुझं काम." हे आमच्याकडे थडग्यावर लिहितात.

"अरे, मी मेलेलो नाही!" व्हर्लिन ओरडला. "मला फक्त पट्टी उचलायची होती, दोघांनी. तुम्हीच सांगता ना दोघांनी म्हणून?"

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गेलेन त्याच्याकडे बघतच राहिला. "मग तसं सांगायचं ना," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तू गंभीर आहेस."

एवढ्यावर भागलं असतं, पण नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली गेली की त्या माणसाला डॉक्टरने तपासल्याशिवाय गाडीवर बसू द्यायचं नाही, असा खात्याचा नियम आहे. ऑरिनने माझ्याकडे बघितलं. "नियम तुझाच आहे, आर्डिस," तो म्हणाला, आणि त्यालाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. व्हर्लिनचा चेहरा एकदम उतरला. डॉक्टरला पाठीत काही सापडलं तर पाठ तिसऱ्यांदा गेली असंच धरणार. मी मनात म्हटलं, काय केलंस आर्डिस, नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा शहाणपणाचं काम केलं आणि तू त्याला घेऊन चाललीस खिडकीत बसवायला.

दवाखान्यात डॉक्टर उचेंदू होत्या. नायजेरियाच्या. आमच्याकडचे दोन हिवाळे त्यांनी काढले होते आणि आम्हाला पुरतं ओळखून होत्या.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," व्हर्लिन म्हणाला.

"मागच्या महिन्यात एक जण 'काही नाही' म्हणत आला होता. त्याचं तुटलेलं बोट त्याच्या खिशात होतं." त्यांनी व्हर्लिनच्या पाठीवरून हात फिरवला. "दुखतंय का कुठे?"

"नाही हो. विशेष नाही."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसले होते. मनातल्या मनात नाही म्हण, नाही म्हण, असं चाललं होतं माझं. सुरक्षा अधिकारी म्हणून ते चूक होतं, पण मी त्या वेळी बायको होते. डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं, व्हर्लिनच्या अगदी समोर बसल्या आणि पुन्हा विचारलं, "टोलेफसन, दुखतंय का?"

व्हर्लिनने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर गेलेनची बर्फगाडी उभी होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "दुखतंय. खाली, डाव्या बाजूला. पाय बधिर होतो मधूनमधून. थँक्सगिव्हिंगपासून."

म्हणजे पुलावर त्याने पट्टी हलवून बघितली, कळ आली, आणि तो थांबला. आणि आपली गाडी जाईल हे ठाऊक असूनही आता त्याने खरं सांगितलं होतं.

बाईंनी त्याचे पाय वर उचलून बघितले, फोटो काढले, टाचणीने टोचलं. ऑरिनला आत बोलावलं. "नस दबलीय," त्या म्हणाल्या. "मणका जागेवर आहे. ती पट्टी याने एकट्याने उचलली असती तर आज मी याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, आणि गाडी विसरायला सांगितलं असतं. आता काही आठवडे विश्रांती, व्यायाम, मग चालवू दे खुशाल."

"मग हे तिसरं धरायचं का?" ऑरिनने विचारलं.

"कशाचं तिसरं? अजून काही झालेलंच नाही. व्हायच्या आधीच सांगितलंय याने."

ऑरिन टोपी फिरवत विचारात पडला. "व्हायच्या आधी आमच्याकडे कधी कुणी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "त्याचं काय करायचं, ते कुठे ठरलेलं नाही."

"मी ठरवते," मी म्हटलं. "व्हायच्या आधी सांगितलं तर गाडी जात नाही. ठरलं."

ऑरिनने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तेवढ्या होकाराने माझा जीव भांड्यात पडला.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. वादळ ओसरलं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झाला होताच, पण त्याच्या पाठोपाठ रागही वर आला. गाडी वाचली हे ठीक. पण थँक्सगिव्हिंगपासून, म्हणजे नोव्हेंबरपासून!

"इतके दिवस दुखत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं. "मी विचारलं नव्हतं का? टर्की कापताना तू टेबलाला धरून उभा होतास, तेव्हा विचारलं. ख्रिसमसचं झाड आत आणताना विचारलं. चर्चमध्ये तुला उठवेना, तेव्हाही विचारलं."

"विचारलंस," तो म्हणाला.

"मग? त्या डॉक्टरणीला बरं सांगितलंस. मी कोण तुझी?"

मला वाटलं, नेहमीसारखा गप्प बसणार.

"दोनदा विचारायचीस तू," व्हर्लिन म्हणाला.

"काय?"

"दोनदा विचारायचीस. आणि मग भांडी घासायला जायचीस."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी भांडले असते, मला भांडायला येतं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बर्फाच्या ढिगाऱ्याला टेकवून उभी केली. अख्ख्या खात्याला सकाळ-सकाळ ओळीत उभं करणारी मी. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही गं."

"दुखतंय का?"

"एवढं काही नाही. चल तू."

मी गाडी बंद केली, किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि त्याच्याकडे तोंड करून बसले.

"व्हर्लिन, दुखतंय का?"

"हो," तो म्हणाला. "खूप."